गल्लीतलं पडकं घर पुन्हा बांधायचं तर सुरुवात कुठून?

बेळगावात शहापूर-वडगावच्या गल्ल्यांतून फिरा, खानापूरच्या बाजारपेठेतून जा, नाहीतर निपाणीत तंबाखूच्या वखारींमागच्या बोळात शिरा. पुढचा सोपा, म्हणजे ओसरी, शाबूत, त्यात टेलरिंगचं किंवा मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालू, आणि माडीवरची कौलं बसलेली, भिंतीतून पिंपळ वर आलेला, असं एखादं घर भेटतंच. विचारलं की गल्लीतले लोक सांगतात, ‘वाद आहे.’ खरं तर बऱ्याच घरांत भांडण कुणाचंच नसतं. निर्णय घेऊ शकेल असा एकटा मालक उरलेला नसतो, एवढंच. जो राहतो त्याच्या एकट्याच्या नावावर घर नसतं, ज्यांची नावं लागतात ते पुण्या-मुंबईला किंवा बेंगळुरूला असतात, आणि पाऊस दरवर्षी आपलं काम करून जातो.

अशा घराचं काय करता येतं, कोणत्या क्रमाने करायचं आणि घोडं नेमकं कुठे अडतं, ते इथे सांगतो.

त्याआधी एक सावधगिरी. आपण मराठीत माहिती शोधतो तेव्हा जे हाती लागतं ते बहुतेक सगळं महाराष्ट्राचं असतं. म्हाडा, उपकरप्राप्त इमारती, डीम्ड कन्व्हेयन्स, सोसायटीतल्या ५१ टक्के सभासदांची संमती, पागडीवाल्या भाडेकरूचे हक्क हे सगळं तिथल्या कायद्यांतून आलेलं आहे. आपण १ नोव्हेंबर १९५६ पासून ज्या राज्यात आहोत, त्या कर्नाटकात भाड्याचा कायदा वेगळा, नगरपालिकेचा कायदा वेगळा, घरपट्टीच्या नोंदीची, म्हणजे खात्याची, पद्धत वेगळी. ५१ टक्क्यांचा नियम तर महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठी आहे. आपल्या गल्लीतलं घर ही सोसायटी नाही, वारसांची सामाईक मिळकत आहे. तिचं संपूर्ण घर पाडायचं किंवा बिल्डरला द्यायचं तर प्रत्येक सहहिस्सेदाराची सही लागते. शंभरातल्या नव्याण्णव जणांनी होकार दिला तरी उरलेल्या एकाचा हिस्सा कुणाला देऊन टाकता येत नाही. पुण्यातल्या पाहुण्याने छातीठोकपणे दिलेला सल्ला म्हणूनच आपल्याकडे उपयोगी पडेलच असं नाही.

आधी भिंत बघा

कागदपत्रांना वेळ लागतो. भिंत तेवढा वेळ थांबेल का, हे पहिल्यांदा कळायला हवं.

आपल्या भागातली जुनी घरं एकाच पद्धतीची नाहीत. खानापूरकडे पाऊस जास्त, म्हणून जांभ्या दगडाच्या भिंती आणि उतरतं कौलारू छप्पर. उत्तरेला चिकोडी, अथणीकडे सरकलं की पाऊस कमी होतो, तिथे मातीच्या जाड भिंती आणि वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. बेळगाव शहरात दोन्हींची सरमिसळ दिसते, त्यात सागवानी खांब-तुळया आणि नंतर कुणीतरी मागे बांधलेली स्लॅबची खोली. या सगळ्या घरांत एक गोष्ट सारखी आहे. वजन भिंत पेलते. आजच्या आरसीसी घरात खांब आणि बीम वजन पेलतात, मधली भिंत काढली तरी घर उभं राहतं. जुन्या घरात भिंत काढणं म्हणजे आधारच काढणं.

मातीच्या भिंतीचा शत्रू पाणी. कोरडी असेपर्यंत दोन फुटांची मातीची भिंत पिढ्यान् पिढ्या उभी राहते. कौलं फुटली, पन्हळ गळायला लागली, पाणी भिंतीच्या माथ्यावरून आत उतरायला लागलं की माती आतून मऊ होते. बाहेरून मात्र काही दिसत नाही, कारण आपण त्यावर सिमेंटचा गिलावा मारलेला असतो. जुना चुन्याचा किंवा मातीचा गिलावा भिंतीतली ओल बाहेर सोडायचा, सिमेंट ती आत कोंडून ठेवतं. घर पक्कं करण्यासाठी मोठ्या मायेने केलेला हा खर्च अनेक भिंतींना बाधला आहे. दगडी भिंतींचा दोष वेगळा. त्या बहुधा दोन पदरी असतात, आतला पदर, बाहेरचा पदर आणि मध्ये माती-खडीचा भराव. दोन्ही पदरांना बांधणारे आरपार दगड पुरेसे नसतील तर भराव ओला होऊन फुगतो आणि बाहेरचा पदर पुढे येतो. गवंडी म्हणतात, भिंतीला पोट आलंय. पोट आलेल्या भिंतीखाली कुणाला झोपू देऊ नये, पावसाळ्यात तर नाहीच.

ऑक्टोबर २०२१ मध्ये बेळगाव तालुक्यातल्या बडाल अंकलगी गावात पावसाने मुरलेली भिंत कोसळून सात जण गेले. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात आणि अतिवृष्टीत जिल्ह्यात जी घरं पडली, त्यांतही मातीच्या भिंतींची संख्या मोठी होती. ‘आणखी एक पावसाळा काढू’ हे वाक्य आपल्याकडे फार सहज बोललं जातं, म्हणून ही घटना इथे लिहिली.

घरमालकाला स्वतःला तपासता येतील अशा काही खुणा आहेत. दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली आणि वर रुंद होत गेलेली भेग, पूर्वी नीट लागणारं दार अडकायला लागणं, तुळईचं भिंतीत शिरलेलं टोक टोचलं तर भुसभुशीत लागणं, भिंतीजवळची फरशी खचणं. भेग जुनी आहे की वाढते आहे हे कळायला तिच्यावर काचेची पातळ पट्टी प्लास्टरने चिकटवून शेजारी तारीख लिहावी. पट्टी तडकली तर भिंत हलते आहे. पुढचं काम स्ट्रक्चरल इंजिनियरचं. ज्याने फक्त नकाशे काढलेत त्याचं नाही, हे मुद्दाम सांगतो. आरसीसीच्या भागासाठी तो काँक्रीटची ताकद हातोडीच्या यंत्राने किंवा ध्वनिलहरींच्या चाचणीने बघेल, गंजलेली सळई उघडी करून बघेल. माती-दगडाच्या भागात यंत्रं फारशी कामाची नसतात, तिथे अनुभवी डोळा लागतो.

इंजिनियरने ‘दुरुस्त होईल’ असं सांगितलं तर त्या शक्यतेकडे पाठ फिरवू नका. छप्पर उतरवून नव्याने घालणं, कुजलेली तुळईची टोकं बदलणं, पोट आलेला भिंतीचा तुकडा उतरवून पुन्हा रचणं, हा खर्च नव्या बांधकामाच्या मानाने थोडा असतो. शिवाय दुरुस्तीचा एक मोठा फायदा आहे. घर जुन्या रेषेवर राहतं. पाडून नवं बांधायला काढलं की आजचे नियम लागू होतात आणि पुढची-मागची जागा सोडावी लागते. फक्त एक चूक टाळा. मातीच्या भिंतींवर स्लॅब टाकून माडी ‘पक्की’ करू नका. आपला भाग भूकंपाच्या नकाशात तिसऱ्या झोनमध्ये दाखवलेला आहे. जड छप्पर आणि कमकुवत भिंत ही जोडी किती घातक ठरते, ते ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीने दाखवून दिलं.

घर राहण्याजोगं नसेल तर महापालिका किंवा नगरपालिका धोकादायक इमारतीची नोटीस काढू शकते. बेळगाव महापालिकेला तो अधिकार १९७६ च्या कायद्याने आहे, निपाणी नगरपालिका आणि खानापूर नगरपंचायतीला १९६४ च्या. ही नोटीस आली की लोक घाबरतात, जागा सरकारजमा होईल असं त्यांना वाटतं. तसं होत नाही. नोटीस इमारतीच्या धोक्याबद्दल असते, मालकी कुणाची हे ती ठरवत नाही. उलट भाडेकरू आणि भाऊबंद यांच्यात कुणीच हलायला तयार नसेल तर अशी नोटीस सगळ्यांना बोलायला बसवते. कॅम्प भागातल्या घरांचा विषय मात्र वेगळा, ती छावणी मंडळाच्या अखत्यारीत येतात.

नावं जुळवणं

आता खऱ्या गाठीकडे येऊ. समजा आजोबांनी १९४८ मध्ये स्वतःच्या कमाईतून घर घेतलं. पंधरा फूट रुंद, साठ फूट खोल, म्हणजे नऊशे चौरस फूट. १९७० मध्ये ते मृत्युपत्र न करता वारले. मागे आजी, तीन मुलगे, दोन मुली. घरात राहिले मुलगे, मुली लग्न होऊन गेल्या. पुढची पन्नास वर्षं घरात असं धरून चाललं की घर तिघा भावांचं.

कायदा तसं म्हणत नाही. हिंदू वारसा कायदा १७ जून १९५६ ला लागू झाला. माणसाने स्वतः कमावलेली मिळकत असेल आणि तो मृत्युपत्राविना गेला असेल, तर बायको, मुलगे आणि मुली यांना तेव्हापासूनच सारखा वाटा आहे. आपल्याकडे सर्रास बोललं जातं की मुलींना हक्क २००५ साली मिळाला. २००५ ची दुरुस्ती वडिलोपार्जित, एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला जन्मापासून मुलासारखी सहदायाद, म्हणजे हिस्सेदार, ठरवते. कर्नाटकाने त्याआधीच, ३० जुलै १९९४ पासून, हा हक्क दिला होता, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. २००५ ने ती अट घालवली, आणि ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असायला हवेत असंही नाही. आजोबांच्या स्वकष्टार्जित घरात मात्र आत्यांचा वाटा १९७० पासूनच होता.

मग त्यांनी तेव्हा मागितला का नाही? कारण १९५६ च्या कायद्यात कलम २३ नावाची एक अट होती. राहत्या घराची वाटणी मुलींना स्वतःहून मागता येत नव्हती, भावांनी वाटणी करायचं ठरवलं तरच त्यांचा हिस्सा हाती यायचा. २००५ मध्ये हे कलम काढून टाकलं. आज आत्या किंवा तिची मुलं वाटणी मागत असतील तर त्यांनी काही नवं उकरून काढलेलं नाही. त्यांचं नाव कागदावर यायचं राहून गेलं होतं. माझ्या मते जुनं घर बांधायला काढताना पहिलं आमंत्रण आत्यांना जायला हवं. सही हवी म्हणून शेवटी जाऊन हात जोडण्यापेक्षा ते बरं, आणि रीतीलाही धरून.

वाटण्यांचं गणित बघा. आजीचा सहावा हिस्सा तिच्या पाच मुलांत गेला, म्हणजे प्रत्येकाचा एक पंचमांश, एकशे ऐंशी चौरस फूट. मोठे काका वारले, मागे काकू आणि चार मुलं. त्यांचा एक पंचमांश पुन्हा पाच जणांत. प्रत्येकी छत्तीस चौरस फूट. एक मोठा पलंग मावेल एवढी जागा. या जागेत कुणी राहू शकत नाही, ती विकली जात नाही, आणि तिच्या मालकाला दुरुस्तीला पैसे घालावेसे वाटत नाहीत. घर पडायला लागण्याचं मूळ इथे आहे.

यातून बाहेर पडण्याच्या वाटा तीन-चार आहेत. सगळ्यात चांगली, एकाने किंवा दोघांनी बाकीच्यांचे हिस्से योग्य किंमत देऊन घेणं. घरातल्या घरात हे हक्कसोडपत्राने होतं आणि त्याला विक्रीपेक्षा मुद्रांक शुल्क बरंच कमी लागतं. पण हक्कसोडपत्र सब-रजिस्ट्रारकडे नोंदवलेलंच पाहिजे. नोटरीसमोर शंभराच्या बाँडवर घेतलेल्या सह्या आपल्याकडे पेटीत जपून ठेवलेल्या असतात, घर नावावर करायला त्यांचा उपयोग होत नाही. दुसरी वाट वाटणीपत्राची, जागा मोठी असेल आणि तिचे राहण्याजोगे तुकडे पडत असतील तर. तिसरी, सगळ्यांनी सामाईक ठेवून बांधायचं आणि कुणाला कोणता गाळा, कोणता मजला हे आधीच नोंदणीकृत करारात लिहायचं.

एखादा हिस्सेदार ऐकतच नसेल तर दिवाणी न्यायालयात वाटणीचा दावा. तिथे आधी प्राथमिक हुकूमनामा होतो, कुणाचा किती हिस्सा ते ठरतं. मग प्रत्यक्ष तुकडे पाडून अंतिम हुकूमनामा. पंधरा फुटी घराचे पाच तुकडे पडत नाहीत हे न्यायालयालाही कळतं. १८९३ च्या वाटणी कायद्याप्रमाणे अशी मिळकत विकून पैसे वाटून देता येतात, आणि कुणा हिस्सेदाराने आपला वाटा परक्याला विकला असेल, तर तो परका वाटणी मागायला आला की घरच्यांना तो हिस्सा न्यायालय ठरवेल त्या किमतीला विकत घेण्याची संधी मिळते. या वाटेला वर्षं जातात. दावा चालू असतानाही लोकअदालतीत तडजोड करता येते. ती हुकूमनाम्यासारखीच बंधनकारक असते, तिच्यावर अपील नसतं आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते.

परगावचे सगळे एरवी कधी एकत्र येत नाहीत, गणेश चतुर्थीला येतात. त्या वेळी वंशावळ लिहून काढणं, कोण कधी वारलं याच्या तारखा टिपणं, मृत्यूचे दाखले कुणाकडे आहेत ते विचारणं, एवढं काम झालं तरी निम्मी वाट सरते. वंशावळीचा अधिकृत दाखला नंतर नाडकचेरीतून, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातून, काढता येतो.

कागद

आपला भाग पूर्वी मुंबई इलाख्यात होता, म्हणून जुन्या शहरी वस्त्यांना सिटी सर्व्हे झालेला आहे. तिथे प्रत्येक जागेला सिटी सर्व्हेचा नंबर (सीटीएस नंबर) असतो, आणि त्याचा उतारा म्हणजे प्रॉपर्टी कार्ड. १९५६ आधीची बरीच खरेदीखतं मराठीत, काही मोडी लिपीत. त्यानंतरचे बहुतेक कागद कन्नडमध्ये. घरातल्या तरुण पोरांना अनेकदा दोन्ही वाचता येत नाहीत. मोडी जाणणारा आणि कन्नड वाचणारा असे दोघे शेजारी बसवून सगळे कागद एकदा नीट वाचून घ्या. जुन्या खतात चतु:सीमा लिहिलेल्या असतात, पूर्वेला कुणाचं घर, पश्चिमेला कोणता बोळ. पुढे सामाईक भिंतीवरून प्रश्न उभा राहिला तर या चार ओळी फार कामी येतात.

खात्याबद्दल मोठा गैरसमज आहे. खाता म्हणजे मालकी नव्हे. घरपट्टी कुणाकडून वसूल करायची याची ती नगरपालिकेची नोंद. मालकी सिद्ध होते ती खरेदीखत, वाटणीपत्र, हक्कसोडपत्र, वारसा यांच्या साखळीतून. तरी खात्यावाचून गाडं हलत नाही. २०२४ पासून नगरपालिका हद्दीतल्या मिळकतीचा दस्त नोंदवायला ई-खाता, म्हणजे खात्याचा ऑनलाइन उतारा, लागतो. म्हणजे खाता अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर असेल तर आधी वारसांची नावं लावून घ्यायची, मग ई-खाता, आणि मग हक्कसोडपत्र किंवा करार. हा क्रम उलटा केला तर रजिस्ट्रार ऑफिसच्या दारातून परत यावं लागतं. ग्रामपंचायत हद्दीतल्या घरांना हेच काम ई-स्वत्तू या पंचायतींच्या ऑनलाइन नोंदणीचे फॉर्म ९ आणि ११ करतात.

बोजाचा दाखला, ज्याला सगळे ईसी म्हणतात, तो साधारण २००४ नंतरच्या काळासाठी ऑनलाइन मिळतो. त्याआधीचा शोध सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात घ्यावा लागतो. तो घ्याच, कारण जुन्या घरावर कुणीतरी कधीतरी पतसंस्थेचं कर्ज काढलेलं असू शकतं. जागा देवस्थानाची किंवा मठाची तर नाही ना, हेही याच वेळी बघा. जुन्या पेठांत जमीन देवाची आणि वरचं घर आपलं, असे प्रकार सापडतात.

आणि जागा मोजून घ्या. खतातलं क्षेत्र, सिटी सर्व्हेचं क्षेत्र, घरपट्टीचं क्षेत्र आणि जाग्यावरचं क्षेत्र या चारांचा मेळ बसत नसेल, तर नकाशा मंजुरीला गेल्यावर तो अडतो.

दुकानदार आणि भाडेकरू

पुढच्या सोप्यातलं दुकान महिना दीड-दोनशे रुपये भाड्याने चाळीस वर्षं चालू असतं. मालकाला वाटतं आपण लुटलो गेलो. दुकानदाराला वाटतं, आपण नसतो तर घराला कुलूपच लागलं असतं. दोघांचंही खोटं नसतं.

कर्नाटकाचा भाडे कायदा १९९९ चा, तो ३१ डिसेंबर २००१ पासून लागू आहे. त्याचं संरक्षण लोकांना वाटतं तितकं रुंद नाही. धंद्याच्या जागांत फक्त १४ चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे साधारण दीडशे चौरस फुटांच्या आतल्या दुकानांना तो लागू होतो. राहत्या जागांत मोठ्या शहरांत महिना ३,५०० रुपये आणि इतर ठिकाणी २,००० रुपयांपेक्षा जास्त भाडं असेल तर तो लागू नाही. भाडेकरू वारल्यावर त्याच्यासोबत राहणाऱ्या वारसांना राहत्या जागेचा हक्क पुढे जातो, पण पाच वर्षांपुरता. कायद्याबाहेरच्या महिनेवारी भाडेकरूला पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन भाडेपट्टा संपवता येतो, त्यानंतरही जागा सोडली नाही तर दिवाणी दावा करायचा. म्हणून सगळ्यात आधी दुकानाचं क्षेत्र मोजा, आपण कोणत्या बाजूला आहोत ते त्यावर ठरतं.

एक गोष्ट मालकांनी मनातून काढून टाकावी. घर पडलं की भाडेकरू आपोआप गेला, असं होत नाही. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेने पाडलेल्या एका इमारतीच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये म्हटलं की इमारत गेली तरी तिच्याखालची जमीन राहते, आणि भाडेकरूचा हक्क तेवढ्याने संपत नाही. घर मुद्दाम पडू देण्याचा मार्ग आपल्याकडे कुणी कुणी धरतात. त्यात माणसं मरतात आणि भाडेकरू तसाच राहतो.

मग बोलायचं काय? नव्या इमारतीत त्याच दर्शनी बाजूला तेवढाच किंवा थोडा लहान गाळा, आजच्या दराच्या जवळ जाणारं भाडं, आणि बांधकामाच्या काळात दुकानाला तात्पुरती जागा किंवा तिचं भाडं. नाहीतर एकरकमी पैसे घेऊन जागा सोडणं. काहीही ठरलं तरी नोंदणीकृत करारात लिहा, गाळ्याचं माप आणि काम किती महिन्यांत पुरं होणार यासकट. गल्लीत धंदा जागेवर नाही, गिऱ्हाइकाच्या सवयीवर चालतो. वर्षभर दूर गेलेला शिंपी परत येईपर्यंत त्याचं गिऱ्हाईक दुसरीकडे वळलेलं असतं. त्याची भीती मालकाने समजून घेतली तर बोलणी लवकर सुटतात.

पंधरा फुटांत काय मावतं

जुनं घर रस्त्याला आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींना चिकटून आहे. नवा बांधकाम परवाना घ्यायचा तर पुढे, मागे आणि जागेच्या मापाप्रमाणे बाजूलाही मोकळी जागा सोडावी लागते. किती मजले आणि एकूण किती क्षेत्र बांधायचं, हे एफएआरवर, म्हणजे जागेच्या किती पट बांधता येतं या प्रमाणावर, ठरतं, आणि तो समोरच्या रस्त्याच्या रुंदीशी बांधलेला असतो. गल्ली अरुंद, म्हणून उंची कमी. वर पार्किंगचा नियम. लहान जागांना यात काही सवलती असतात. आपल्या जागेला कोणत्या लागू होतात आणि रस्ता रुंदीकरणाची रेषा घरातून तर जात नाही ना, हे नकाशा काढण्याआधी नगरपालिकेत आणि बेळगाव शहरात बुडाकडे, म्हणजे नगरविकास प्राधिकरणाकडे, विचारा.

समजा दोन्ही बाजूंना तीन-तीन फूट सोडावे लागले. पंधरातून सहा गेले, उरले नऊ. भिंतींची जाडी वजा केली की आत आठ फुटांची खोली. त्यात जिना काढला तर राहायचं कुठे? आता शेजारचं पंधरा फुटी घरही पडायला आलं आहे, आणि दोघांनी मिळून एकच इमारत बांधली. तीसातून सहा गेले, उरले चोवीस. जिना एक, पाण्याची टाकी एक, मधली भिंत एकच. दोघांनाही स्वतंत्र बांधून मिळालं असतं त्यापेक्षा जास्त मिळतं. गल्लीतल्या घरांना एकेकट्याने बांधणं परवडत नाही आणि दोघा-तिघांनी मिळून परवडतं, याचं कारण या साध्या वजाबाकीत आहे. गल्लीच्या मंडळात गणपतीची वर्गणी जमवणारी, वर्षानुवर्षं एकमेकांचा हिशेब ठेवणारी माणसं हे करू शकतील असं मला मनापासून वाटतं. दोन जागा एकत्र करायला दोन्हींचे उतारे आणि खाते आधी साफ हवेत, एवढी अट आहे.

पैसा

मुंबईत बिल्डर जुनी इमारत फुकट बांधून देतो, कारण वरचे जास्तीचे फ्लॅट विकून त्याचा खर्च सुटतो. आपल्याकडचा हिशेब करून बघू. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. नऊशे फुटांच्या जागेवर दीडपट, म्हणजे साडेतेराशे फूट बांधकाम होतं, खर्च फुटाला दोन हजार, एकूण सत्तावीस लाख. निम्मं मालकाला दिलं, उरलेले पावणेसातशे फूट बिल्डरने साडेचार हजारांनी विकले तर तीस लाख. तीन लाखांसाठी दोन वर्षं पैसा आणि डोकं अडकवणार कोण? म्हणून बिल्डर गल्लीत येत नाही, मोठी सलग जागा आणि एक-दोन मालक असतील तिथे जातो.

तरीही कुणी आला तर तीन गोष्टी बघा. रेरा, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणारा कायदा, त्याप्रमाणे जागा ५०० चौरस मीटरच्या, म्हणजे सुमारे पाच गुंठ्यांच्या आत असेल किंवा गाळे आठपेक्षा जास्त नसतील तर प्रकल्पाची नोंदणी सक्तीची नाही. गल्लीतलं काम बहुधा या सुटीत बसतं, म्हणून रेराच्या नोंदणीचं कवच आपल्याला आहे असं धरून चालू नका. मुदत, उशिराची भरपाई, साहित्याची प्रत, बांधकामातल्या दोषांची जबाबदारी हे सगळं करारातच यायला हवं. दुसरं, वटमुखत्यारपत्र. सरसकट अधिकार देऊ नका, नकाशा मंजुरी आणि बिल्डरच्या वाट्याचे गाळे एवढ्यापुरतं द्या, तेही नोंदवून. नुसत्या मुखत्यारपत्रावर मालकी जात नाही असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितलं आहे, पण एकदा दिलेलं मुखत्यारपत्र मागे घेताना किती दमछाक होते ते दिलेल्यांना विचारा. तिसरं, आयकर. बिल्डरशी केलेला विकास करार नोंदणीकृत असेल तर व्यक्तीला किंवा एकत्र कुटुंबाला भांडवली नफ्यावरचा कर काम पूर्ण झाल्याचा दाखला मिळाल्याच्या वर्षात लागतो, करार केल्याच्या वर्षात नाही. ही सोय २०१७ पासून आहे. करार नोंदवला नाही तर ती जाते.

स्वतः बांधायचं तर कर्ज आणि गाळ्यांचं भाडं यांचा मेळ बसवावा लागतो. वीस लाखांचं कर्ज, नऊ टक्के व्याज, पंधरा वर्षं, हप्ता साधारण २०,३०० रुपये. खाली दोन गाळे आणि प्रत्येकी सहा-सात हजार भाडं असेल तर हा हप्ता निघत नाही. बारा लाखांचा, सुमारे १२,२०० रुपयांचा, निघतो. म्हणून टप्प्याने बांधा. पाया आणि खांब पूर्ण मजल्यांचे, पण आता फक्त तळमजला आणि वरची एक माडी. पाया पहिल्याच वेळी पुरेसा घातला नाही तर पुढचा मजला कधीच चढत नाही. बचत टाइल्समध्ये करा, पायात करू नका.

पाडताना

गल्लीतल्या बहुतेक घरांची बाजूची भिंत शेजाऱ्याशी सामाईक असते. आपलं घर उतरवलं की शेजारच्या भिंतीचा एका बाजूचा आधार जातो, आणि पाया खणला की तिच्याखालची माती सैल होते. जुन्या भिंतीचा पाया बरेचदा दोन-तीन फूटच खोल असतो, आपण त्याच्या शेजारी पाच-सहा फूट खणतो. म्हणून पाडकाम पाऊस पूर्ण थांबल्यावर, दिवाळीनंतर घ्या. जेसीबी लावू नका, वरून खाली हाताने उतरवा. शेजारच्या भिंतीला तिरके टेकू द्या आणि पाया एकदम सलग न खणता चार-पाच फुटांच्या तुकड्यांत खणा. एक तुकडा भरून झाला की पुढचा.

सुरू करण्याआधी शेजाऱ्याला आणि इंजिनियरला सोबत घेऊन शेजारच्या घराच्या आतून-बाहेरून सगळ्या भेगांचे फोटो काढा, कागदावर तारखेसह लिहा आणि दोघांनी सह्या करा. नंतर नवी भेग दिसली तर ती दुरुस्त करायचा खर्च कोण करणार, हेही त्याच कागदात घाला. उतरवलेलं सागवान, कोरीव खांब, जांभ्याचे चिरे मोजून यादी करा. ते सगळ्या वारसांचे आहेत आणि बाजारात त्यांना पैसा आहे. घराच्या वाटणीत कधी न भांडलेले भाऊ देवघराच्या चौकटीवरून अबोला धरतात, म्हणून कोणती वस्तू कुणाकडे जाणार, ते पहिलं कौल काढायच्या आत ठरवून टाका.